'अलैपायुदे' आणि त्यातली गाणी : तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

मणिरत्नमचा तमिळ सिनेमा 'अलैपायुदे' एप्रिल २००० मध्ये आला. कार्तिक आणि शक्ती देवळात गुपचूप लग्न करतात आणि काही घडलंच नाही असं दाखवून आपापल्या घरी राहतात. एरवी प्रेमकथा अक्षता पडल्या की संपते; इथे खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. घरून हाकललं जाणं, अर्धवट बांधलेल्या इमारतीतला संसार, रोजच्या कुरबुरी. रहमानचं संगीत, वैरमुत्तूंचे शब्द, पी. सी. श्रीराम यांचा कॅमेरा. तमिळचं अक्षरही न कळणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना या गाण्यांनी तमिळ सिनेमाच्या दारात नेऊन सोडलं, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही कधी पाहिलात, कुठलं गाणं मनात राहिलं, त्यावरून घरात काय बोलणं झालं, सविस्तर लिहा. याचा हिंदी रिमेक 'साथिया' आधी पाहिलेल्यांनीही लिहा.

रंकाळा

आम्हा कोल्हापूरकरांना माधवन आपला वाटतो, कारण तो राजाराम कॉलेजात शिकला. तमिळमध्ये नायक म्हणून हा त्याचा पहिला सिनेमा. आम्ही 'साथिया' आधी पाहिला, मग एका मित्राने मूळ सिनेमाची सीडी आणली. सुरुवातीला मोटरसायकलवरून येणारा, मोकळं हसणारा माधवन दिसला आणि खोलीत शिट्ट्या पडल्या. सबटायटल्स नव्हती, तरी कुणी उठलं नाही.

माम्बलमची सून

लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हा बीच–तांबरम लोकलनेच ऑफिसला जायचे. सिनेमातल्या लोकलची गर्दी बघताना मला दादर आठवलं नाही, माझा रोजचा डबा आठवला. रंगांची नावं मी यातलं 'पच्चै निरमे' (म्हणजे 'हिरवा रंग') हे गाणं ऐकून शिकले. त्यात एकेका रंगाला एकेक कडवं आहे. लाल म्हणजे पोपटाची चोच आणि विडा खाल्लेली जीभ. टी. नगरच्या दुकानात सासूबाईंसाठी साडी घेताना मी 'मंजळ' म्हणाले आणि दुकानदाराने खरोखर हळदी रंगाचा गठ्ठा समोर टाकला. सासूबाईंना अजून ती साडी आवडते.

कापूरकाडी

हे पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही रजिस्टर लग्न केलं आणि मी संध्याकाळी आईकडे जाऊन नेहमीसारखी पोळ्या लाटायला बसले. मंगळसूत्र पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालात गुंडाळलेलं. आई पर्समधून सुटे पैसे घ्यायला गेली की माझे हात थांबायचे. पुढे घरी कळलं आणि बाबांनी बोलणं टाकलं.

सिनेमा पाहिला तो त्यानंतर, भाड्याच्या खोलीत. आमची भांडणं तशीच होती: गॅस कुणी बंद करायचा, उशीर होणार हे आधी का नाही सांगितलं. शक्तीला वडिलांच्या आजाराचं कळतं, ती घरी पोहोचते आणि उशीर झालेला असतो. तो प्रसंग मला पूर्ण बघवला नाही. नवऱ्याने टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "उद्या जाऊन ये. मी खाली थांबतो." गेले. बाबांनी दार उघडलं, आत गेले आणि आईला म्हणाले, "चहा टाक, दोघांना." नवरा खाली उभा आहे हे त्यांनी गॅलरीतून बघितलं होतं.

स्वर्णलतांचं 'एवनो ओरुवन' मी अजूनही एकटी असतानाच ऐकते. ती बासरी आणि तो आवाज ऐकताना कामं होत नाहीत.

दापोलीकर

'स्नेहिदने' गाणारी साधना सरगम आमच्या दाभोळची! हिंदीत 'चुपके से'सुद्धा तिचंच. पुढे 'अळगी' सिनेमातल्या तमिळ गाण्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्याकडे याचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही.

स्पष्टवक्ता

गाण्यांबद्दल दुमत नाही. पण शेवटी शक्तीला होणारा अपघात मला पटत नाही. दोघांमधला गैरसमज बोलूनच मिटायला हवा होता, इस्पितळाची गरज नव्हती.

धागाकर्ता

@स्पष्टवक्ता, अपघात योगायोगाचा आहे हे मान्य. पण त्यामुळेच अरविंद स्वामी आणि खुशबूचं जोडपं गोष्टीत येतं. आपल्या बायकोच्या गाडीने जखमी झालेल्या अनोळखी बाईचा नवरा म्हणून तो सही करतो. दुसऱ्याचं लग्न बाहेरून बघितल्यावर कार्तिकला स्वतःचं दिसतं. 'साथिया'त तिथे शाहरुख आणि तब्बू आहेत. मला मूळ जोडी जास्त साधी वाटते. @कापूरकाडी, लिहिलंत हे फार बरं केलंत ताई.

गंधार

शीर्षकाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 'अलैपायुदे कण्णा' ही ऊत्तुक्काडू वेंकटकवींची रचना, तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं त्या काळातली. कृष्णाची बासरी ऐकून मनात लाटा उसळतात, असं गोपी सांगते. राग कानडा. आपण हिंदुस्थानी ऐकणारे कानडा म्हटलं की दरबारी कानड्याकडे वळतो; कर्नाटकी कानडा वेगळा आहे, चाल हलकी आहे, पण गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर, असा झुलतो की घरचा वाटतो. माटुंग्याला आमच्या गुरूंनी ही रचना शिकवताना त्या गंधारावरच फार वेळ घेतला: "हात लावून उभं राहायचं नाही, झोका द्यायचा." रहमानने ती सिनेमात घेताना चाल मोडली नाही, आवाज कल्याणी मेनन, हरिणी आणि नेयवेली रामलक्ष्मी यांचे. ज्यांना शक्य असेल त्यांनी आधी एखाद्या मैफलीतलं निवांत गायलेलं ऐका आणि मग सिनेमातलं. दोन्ही ऐकलेल्यांनी इथे जरूर लिहा, मला वाचायचंय.