फोरमवरचा धागा (तारजोड विचारतात; मिलीओहम आणि चौकटीबाहेर ही उत्तर देणाऱ्यांची टोपणनावं). मदत हवी आहे: बॅटरी-इन्व्हर्टर को-सिम्युलेशन (वेगवेगळी मॉडेलं सोबत चालवून दर वेळ-स्टेपला एकमेकांना आकडे देणं) स्टेप कमी केल्यावर उलट फुटतं. सिसएमएलमधला (सिस्टिमचे आराखडे मांडायची भाषा) पोर्ट चुकीचा आहे का?

तारजोड

विद्युत वाहनाच्या पॉवरट्रेनचं आर्किटेक्चर सिसएमएल १.६ मध्ये आहे. आयबीडीवर (पार्टची आतली जोडणी दाखवणारी आकृती) बॅटरी पॅक, केबल, इन्व्हर्टर, मोटर आणि कूलिंग असे पार्ट. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये प्रॉक्सी पोर्ट (जोडणीचं टोक), त्याला इंटरफेस ब्लॉक (तिथून काय वाहतं याची व्याख्या), एका टोकाला कॉन्जुगेटेड (तोच, पण उलटा). केबल सोडून प्रत्येक पार्टचं एक एफएमयू, म्हणजे बांधून दिलेलं चालतं मॉडेल (त्याचं प्रमाण एफएमआय २.०, प्रकार को-सिम्युलेशन).

बॅटरीचं एफएमयू करंट घेतं, व्होल्टेज देतं. अंतर्गत रोध ८० मिलीओहम. इन्व्हर्टरचं एफएमयू व्होल्टेज घेतं, करंट देतं. त्यात केबलचा २० मिलीओहम रोध आणि २ मिलिफॅरॅडचा डीसी-लिंक कपॅसिटर आहे. मास्टर (सगळी एफएमयू चालवणारा प्रोग्राम) क्रमाने चालतो: आधी इन्व्हर्टर, मग बॅटरी.

१ मिलिसेकंदाला आलेख गुळगुळीत. १०० मायक्रोसेकंदाला करवतीसारखे दाते येतात आणि विरतात. ५० ला दर स्टेपला करंटचं चिन्ह बदलत आकडे आभाळाला भिडतात. स्टेप लहान केल्यावर सुधारायला हवं ना? शिवाय एका टीमने पॅकमधून बाहेर जाणारा करंट धन धरलाय, दुसऱ्या टीमने आत येणारा. कॉन्जुगेशनने हे आपोआप उलटायला नको का? सिसएमएल व्ही२ वर गेलो तर सुटेल का?

मिलीओहम

सोल्व्हरला (समीकरणं सोडवणारा भाग) दोष देऊ नका, कापायची, म्हणजे मॉडेल दोन एफएमयूंत तोडायची, जागा चुकली आहे. बॅटरीत करंट बदलला की त्याच क्षणी व्होल्टेज बदलतो, इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज बदलला की त्याच क्षणी करंट. दोन्हीकडे थेट आरपार संबंध, म्हणजे तुमच्या जोडणीत बीजगणिती लूप आहे. इन्व्हर्टर १ व्होल्टच्या फरकाला ५० अँपिअर देतो, त्यावर बॅटरी ४ व्होल्ट खाली येते. लूपचा गेन उणे ४. दर फेरीला चूक चौपट आणि उलट चिन्हाची, म्हणूनच चिन्ह उड्या मारतंय.

मग १ मिलिसेकंदाला का चालतं? केबल आणि कपॅसिटरचा टाइम कॉन्स्टंट (स्थिरावायच्या वेळेचं माप) ०.०२ गुणिले ०.००२, म्हणजे ४० मायक्रोसेकंद. १ मिलिसेकंदात कपॅसिटर पूर्ण स्थिरावतो आणि स्टेपच्या शेवटी फक्त लोडचा करंट उरतो. गेन झाकला जातो, इतकंच. १०० ला ४ पैकी सुमारे ०.३३ उरतो, ५० ला १.१५. तुमच्या आकड्यांत स्थिरतेची सीमा ८० मायक्रोसेकंदांच्या किंचित खाली पडते. त्यामुळे १ मिलिसेकंदाच्या गुळगुळीत आलेखावरही विसंबू नका, त्यात डीसी-लिंकचं खरं वर्तन दिसतच नाही.

उपाय: ऊर्जा साठते तिथे कापा. केबलचा रोध बॅटरीच्या बाजूला न्या. इन्व्हर्टरने कपॅसिटरचा व्होल्टेज द्यावा, करंट घ्यावा. कपॅसिटरचा व्होल्टेज ही स्टेट (मॉडेल लक्षात ठेवतं ती राशी) असल्यामुळे त्याच क्षणी उडी मारू शकत नाही, आणि लूप तिथेच तुटतो. आता टाइम कॉन्स्टंट २०० मायक्रोसेकंद, २० च्या स्टेपने आरामात चालेल.

पडताळायला एफएमयूच्या मॉडेलडिस्क्रिप्शन.एक्सएमएल फाइलमधला मॉडेलस्ट्रक्चर विभाग उघडा. प्रत्येक आउटपुटपुढे डिपेन्डन्सीज, म्हणजे तो कुठल्या इनपुटवर अवलंबून ते, लिहिलेल्या असतात. रिकामी यादी म्हणजे अवलंबून नाही. ती नोंदच नसेल तर आउटपुट सगळ्या इनपुटवर अवलंबून आहे असंच धरायचं. लोक इथेच फसतात.

चौकटीबाहेर

पोर्टबद्दल. कॉन्जुगेशन फक्त दिशा उलटवतं: इनचं आउट, आउटचं इन. फ्लो प्रॉपर्टी (पोर्टमधून काय वाहतं त्याची नोंद) इनआउट असेल तर ती इनआउटच राहते. करंटच्या चिन्हाशी त्याचा काही संबंध नाही.

विद्युत, द्रव, उष्णता अशा भौतिक जोडणीला इन किंवा आउट देऊच नका. तारेला कोण कारण आणि कोण परिणाम हे ठाऊक नसतं. इंटरफेस ब्लॉकमध्ये इनआउट फ्लो प्रॉपर्टी ठेवा आणि तिच्या टाइपमध्ये जोडी: व्होल्टेज आणि संरक्षित राशी (जोडणीवर वाढत वा हरवत नाही ती) म्हणून करंट. सिसएमएलचा सिसपीएचएस विस्तार नेमका यासाठीच आहे. मॉडेलिका या मॉडेलिंग भाषेतला नियमच सगळ्यांना लावा: पार्टच्या आत जाणारा करंट धन, आणि जोडणीच्या बिंदूवर बेरीज शून्य. मग 'पॅकमधून बाहेर धन' म्हणणाऱ्या टीमने स्वतःच्या एफएमयूच्या आवरणात चिन्ह बदलायचं. मास्टरच्या वायरिंगमध्ये उणे एकचा ब्लॉक खुपसू नका, सहा महिन्यांनी तो कुणाला सापडत नाही.

कोण काय मोजणार हे मात्र वेगळं नोंदवावंच लागतं, कारण आयबीडीवरची रेघ ते सांगत नाही. प्रत्येक कनेक्टरला एक ओळ: राशी, एकक, धन दिशा, कुठली बाजू काय देते, देणाऱ्या बाजूला ती स्टेट आहे की नाही, स्टेप किती. या ओळीचा मालक आर्किटेक्चर टीम. दोन्ही टोकांच्या टीमनी परस्पर बदलायची नाही. एककही इथेच. कित्येक मास्टर रियलला (दशांश संख्येचा प्रकार) रियल जुळलं की जोडून मोकळे होतात, केल्विन आणि सेल्सिअस दोन्ही रियलच.

व्ही२ मध्ये मजकुरी लेखन आहे, फरक तपासणं सोपं जातं, राशी-एककांची लायब्ररी मिळते. पण कुठे कापायचं ते भाषा ठरवत नाही. चालू प्रकल्पात मध्येच उडी मारू नका, १.६ चं मॉडेल जसंच्या तसं पलीकडे जात नाही.

तारजोड

दोघांचेही आभार. अडचण एकच: बॅटरीचं एफएमयू पुरवठादाराकडून बंद डब्यासारखं येतं. केबल त्यात घालता येणार नाही. मध्ये केबलचं तिसरं एफएमयू चालेल?

मिलीओहम

नुसत्या रोधाचं केबल-एफएमयू घातलंत तर लूप फक्त बॅटरी आणि केबलच्या मध्ये सरकेल, गेन तोच. केबलचा इंडक्टन्स घाला, म्हणजे करंट ही स्टेट होते. समजा २ मायक्रोहेन्री: टाइम कॉन्स्टंट २ मायक्रोहेन्री भागिले ०.१ ओहम, म्हणजे २० मायक्रोसेकंद, आणि स्टेप साधारण २ घ्यावी लागेल. हळू चालेल, पण भौतिकदृष्ट्या प्रामाणिक. वेग वाढवायला इंडक्टन्स मुद्दाम फुगवू नका, डीसी-लिंकवर नसलेली दोलनं दिसू लागतील.

दुसरा मार्ग, दर स्टेपला पुनरावृत्ती. त्यासाठी कॅनगेटअँडसेटएफएमयूस्टेट (स्थिती जतन करून परत बसवता येते) हा गुणधर्म दोन्ही एफएमयूंत ट्रू हवा, नाहीतर मागे जाताच येत नाही. साधी पुनरावृत्ती गेन ४ वर फुटणारच. रिलॅक्सेशन (दर फेरीला नव्या उत्तराचा किती वाटा घ्यायचा) ०.४ च्या खाली हवं. रेषीय मॉडेलला ०.२ सर्वात उत्तम, कारण चूक १ वजा ५ गुणिले ०.२, म्हणजे एका फेरीत शून्य.

पुरवठादार मॉडेल एक्स्चेंज प्रकारचं (स्वतःचा सोल्व्हर नसलेलं) एफएमयू देत असेल तर आधी तेच मागा. एकच सोल्व्हर सगळं धरतो, लूपही आयात करणारं साधन सोडवतं.

चौकटीबाहेर

कूलिंग या वेगाला बांधू नका, त्याला १०० मिलिसेकंद पुरतात. पण इन्व्हर्टरची उष्णता क्षणिक नमुना म्हणून देऊ नका, त्या १०० मिलिसेकंदांची सरासरी द्या. नाहीतर स्विचिंगच्या ज्या क्षणी नमुना पडेल त्यावर तापमान ठरेल.

आणि प्रत्येक जोडणीवर व्होल्टेज गुणिले करंटचं संकलन दोन्ही बाजूंनी वेगळं लावा. दोन आकड्यांतला फरक वाहिलेल्या ऊर्जेच्या एका टक्क्याच्या वर गेला, तर आलेख कितीही देखणा असला तरी ती फेरी बाद.