किमतीआधी वाईनची बाटली कुठं ठेवलीय ते बघा

वाईन म्हटलं की 'महाग ती चांगली' असं म्हणतात, ते मला पटत नाही. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. दुकानात काचेपाशी उन्हात महिनोन्महिने उभी असलेली बाटली कितीही भारी असली तरी आतून संपलेली असते. मी अशीच एक व्हाइट वाईन आणली होती. ग्लासात ओतली तर रंग फिकट पिवळा नाही, चक्क चहाच्या कोऱ्या पाण्यासारखा, आणि वास जुन्या सफरचंदाचा. शेवटी बेसिनमध्ये ओतली. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून आधी लेबलवरचं साल बघतो. आपल्याकडे द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, तेच ते साल. साधी व्हाइट किंवा रोझे (गुलाबी वाईन) दोन वर्षांच्या आतलीच घ्यावी. बूच वर आलेलं असेल, मानेवर ओघळ असेल तर हात लावू नका. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हा निव्वळ गैरसमज आहे. ताज्या वाईनला तेच उत्तम.

आणि नाशिकचंच नाव कशाला? आपल्याच जिल्ह्यात, अकलूजजवळ फ्रातेल्ली या वाईन कंपनीचे द्राक्षमळे आहेत. त्यांची सांजोवेझे (त्याच नावाच्या इटालियन द्राक्षाची रेड वाईन) एकदा घेऊन बघा, थोडी गार करून.

फक्त काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर तुरट रेड नको, तिखट आणखी झोंबतं. तिथं किंचित गोडसर शेनिन ब्लां ही व्हाइट वाईन छान लागते.