शब्दचर्चा: आयुष्याला 'दुबार पेरणी' चालेल का?

मधुमालती:
एका समुपदेशन केंद्राची पुस्तिका मराठीत करतेय. धंदा बुडालेले, नोकरी गेलेले, घटस्फोट झालेले, अशांसाठी. पाचव्या प्रकरणाचं मूळ नाव 'स्टार्टिंग ओव्हर'. मी ऐटीत 'दुबार पेरणी' लिहिलं. संपादकबाई बीडकडच्या. त्यांनी लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, "आमच्याकडे हा शब्द कोणी हसून उच्चारत नाही." मी पुण्यात वाढले, माझ्यासाठी तो बातमीतला शब्द. बाईंचं बरोबर आहे का? आणि मग लिहू काय?

अनुस्वार:
पुनश्च हरिओम. घरात तयार असताना बाहेर शोधायचं कशाला?

ठेचा_भाकर:
बाईंचं बरोबर आहे. आमच्याकडे एका वर्षी मृगात पडला म्हणून वडिलांनी मूग पेरला आणि नंतर वीस दिवस उघडीप. कोंब जागेवर करपले. बियाण्याची पिशवी दुसऱ्यांदा आणायची तर पैसे कुठले? पहिल्या पिशवीचीच उधारी बाकी. दुबार पेरणी म्हटलं की मला वडील त्या दुकानाच्या पायरीशी घुटमळताना दिसतात. कृषी खातं दरवर्षी सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण शेजारच्याची तिफण चालली की दम कुणाला निघतो.

पाणीपुरी:
@अनुस्वार, हरिओम इथे बसत नाही. टिळक तुरुंगातून सुटले आणि १८९९ च्या जुलैत 'केसरी'त त्या मथळ्याचा अग्रलेख आला. पण दिशा कुठे बदलली? तोच केसरी, तोच लढा. घटस्फोट घेतलेल्या बाईला पुनश्च हरिओम म्हणजे काय, परत त्याच नवऱ्याकडे? शिवाय २०२० मध्ये टाळेबंदी उठवताना सरकारने वापरून वापरून तो पार गुळगुळीत केला.

अनुस्वार:
अर्थ इतका ताणू नये. आणि 'दुबार' फारसी वळणाचा आहे हे कोणीच बोलत नाही. 'पुनर्पेरणी' म्हणा. दिनांक रुळला, महापौर रुळला, हाही रुळेल.

गवतीचहा:
पुनर्पेरणी! तिफणीमागे चालणाऱ्याच्या तोंडी हा रफार बसवून दाखवा. आणि 'दु' परका कधी झाला? दुपार, दुहेरी, दुमजली. 'बार' फारसी की आपल्या 'वार'चा भाऊ, यावर हवं तर वेगळं भांडू.

पाचट:
सांगली जिल्हा. ऊसवाल्यांचा शब्द घ्या की, खोडवा. तोडणी झाली की बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट न जाळता सरीत दाबायचं, पाणी सोडायचं. नवीन बेणं लागत नाही, जुन्या मुळांवरच फुटवे येतात. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान बंद पडलं तेव्हा गावात कोणी विचारलं की आत्या सांगायची, "खोडवा राखलाय पोरानं." आधी राग यायचा. आता त्याच सोल्डरिंगच्या हत्यारांवर विहिरीच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करतो.

रंकाळा:
आत्या भारी! पण खोडव्याला टनेज कमी पडतं. आमचे सासरे तर त्याच्याकडं बघतसुद्धा नाहीत, खत उरलं तर टाकायचं. खचलेल्या माणसाला सांगायचं का, की आता तुझं उत्पन्न थोडं कमीच येणार?

पाचट:
नीट राखला तर फार फरक पडत नाही. सासऱ्यांना सांगा, वरंब्यांच्या बगला वेळेवर फोडा.

रंकाळा:
सांगते, म्हणजे जेवायला मिळणार नाही.

ठेचा_भाकर:
माझं अर्धं राहिलं होतं. दुबार पेरणीत पुष्कळदा तेच पीक पुन्हा येत नाही. निम्मा जुलै सरला की मूग-उडीद हातचे गेले. मग तूर, बाजरी, सूर्यफूल, जे बसेल ते. वडिलांनी मूग मोडून तूर पेरली. ती निघायला जानेवारी. मुगाचे पैसे गणपतीच्या सुमाराला यायचे, आईचा सगळा हिशोब त्यावर. त्या वर्षी मखर नाही, कपडे नाहीत. तूर मात्र चांगली झाली. हे आई आजही एका दमात सांगते, तूर चांगली झाली आणि गणपती तसाच गेला. म्हणून मधुमालतीताई, तुम्ही शब्द अर्थाला धरूनच निवडलाय. फक्त वर मोठ्या अक्षरात नको. आत कुठेतरी असू द्या, ज्याला कळायचं त्याला कळेल.

मधुमालती:
दादा, तुमच्या आईंचं ते वाक्य नाव न घालता प्रकरणात घेऊ का?

गवतीचहा:
'मूग मोडून' वर मी अडकले. मुगाला मोड येतात, संसार मोडतो, पाचशेच्या नोटेची मोड मागतो. तुटण्याला आणि उगवण्याला एकच शब्द! बी फुटतं म्हणजे आधी मोडतंच ना?

अनुस्वार:
कल्पना गोड, पुरावा शून्य. उद्या मोडी लिपीही यात ओढाल.

गवतीचहा:
ओढणारच होते.

पाणीपुरी:
आमच्या कॉलेजात वायडी लागलेल्या, म्हणजे नापास होऊन वर्ष वाया गेलेल्या पोरांना 'ज्येष्ठ नागरिक' म्हणायचे. त्यातला एक पुढे ते सगळं सोडून बेकरीत शिरला. त्याच्या त्या वर्षाला काय म्हणावं, खोडवा की दुबार?

पाचट:
पीक बदललं, म्हणजे दुबार.

रंकाळा:
भट्टी तीच असेल तर खोडवा.

मधुमालती:
मंडळी, पुस्तिका छपाईला गेली. बाईंनी 'नवी सुरुवात' ठेवलंय. आईंचं वाक्य आत राहिलंय, दादांना निरोप केला आहे.

गवतीचहा:
'सुरुवात' अरबीतून आलीय. @अनुस्वार, लक्ष आहे ना?

अनुस्वार:
'नवारंभ' सुचवून बघा.

ठेचा_भाकर:
काका, छपाईला गेलं म्हणाल्या त्या.