महालक्ष्म्यांना 32 पानं, घर लहान: पाहुण्यांची भांडी-अंथरुणं लावायची कशी?

औसारोड_लातूर

नमस्कार. स्वयंपाकघर, हॉल आणि एक खोली एवढंच घर. महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी 32 पानं होतात, त्यातले सहाजण मुक्कामी. सामान सगळं आहे, पण ताटं माळ्यावर, वाट्या दिवाणात, वाढायच्या बादल्या गॅलरीत. ऐन वेळी ओगराळं सापडत नाही आणि गिलास एकमेकांत अडकून बसलेले. बोअरच्या पाण्याने ताटांवर पांढरे डाग पडलेत ते वेगळंच. सध्या 30 ताटं आहेत, आणखी 20 घ्यावीत असं घरात चाललंय. हॉल 10 बाय 14 फूट. जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठ

ताई, ताटं घेऊ नका, आधी हॉल मोजा. मांडी घालून बसणाऱ्याला दोन फूट लागतात. 14 फुटांच्या भिंतीला सात, समोर सात, म्हणजे एका पंगतीला 14 पानं. बसायची पट्टी दीड फूट, पुढे ताटाला सव्वा फूट. दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाच फूट गेले की मधे साडेचार उरतात. बादली घेऊन वाकणाऱ्याला तेवढे पाहिजेतच. भिंतीत दार असेल तर त्या बाजूचं एक पान कमी धरा.

म्हणजे दोन पंगती पूर्ण आणि तिसरी चार-पाच जणांची. दुसरी पंगत जेवतीय तोवर पहिलीची ताटं धुऊन होतात. 28 ताटांत भागतं, तुमच्याकडे 30 आहेत.

कमी पडतात त्या वाट्या. कटाची आमटी, कढी, आंबील धरली तर पानाला तीन, म्हणजे 28 पानांना 84. त्या मोजून बघा, पैसे तिथे घाला. गिलास 40 ठेवा, कारण पाणी पिऊन गिलास कुठेतरी ठेवला की माणूस दुसरा मागतो.

आता लावायचं कसं. ताटांजवळ ताटं आणि चमच्यांजवळ चमचे अशी जातवार रचना रोजच्या भांड्यांना ठीक. पाहुण्यांचं सामान कामवार लावा. काम तीनच: चहा, पंगत, मुक्काम.

चहाचं सामान आठवड्याला लागतं, ते छातीच्या उंचीच्या फळीवर: 12 कप-बशा, दोन ट्रे, मोठी गाळणी, थर्मास, फराळाच्या ताटल्या.

पंगतीचं सगळं दोन पत्र्याच्या पेट्यांत. एका पेटीत ताटं आणि गिलास, दुसरीत वाट्या आणि वाढायचं सामान. वाढायच्या मोठ्या बादलीच्या पोटातच ओगराळी, डाव, चिमटा, मीठ-लोणच्याचा चौफुला घालून ती बादली पेटीत सगळ्यांत वर ठेवायची. प्रत्येक पातळ पदार्थाला स्वतःचं ओगराळं, नाहीतर आमटीचं ओगराळं कढीत जातंच.

पेट्या माळ्यावर नकोत. मध्यम ताट 300 ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे 30 ताटं झाली 9 किलो, शिवाय पेटीचं वजन. स्टुलावर उभं राहून एवढं ओझं डोक्यावरून उतरवणं म्हणजे पडायची सोय. पेट्या दिवाणात आणि दिवाणातल्या हलक्या सतरंज्या माळ्यावर, एवढी अदलाबदल करा.

पितळ_तांबं_स्टील

डागांचं आणि गिलासांचं सांगतो.

पांढरे डाग क्षारांचे. बोअरचं पाणी भांड्यावरच वाळलं की क्षार मागे राहतात, राखेने किंवा साबणाने घासून जात नाहीत. लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्व, त्यात ताटं 15 मिनिटं, मग स्वच्छ धुऊन लगेच सुती फडक्याने पुसा. पुसायचा कंटाळा केला तर आठ दिवसांत पुन्हा तेच. कल्हईच्या भांड्याला मात्र हा उपाय करू नका, कल्हई जाते.

गिलास अडकतात कारण ओले आणि गरम असतानाच एकात एक जातात. बाहेरचा निवताना आवळतो. आतल्यात बर्फाचं पाणी भरून बाहेरचा गरम पाण्यात धरा, मिनिटभराने पिळा देऊन निघतो. ठोकलं तर काठ वाकतो आणि मग तो कायम अडकतो. ठेवताना एक सुलटा, त्यावर एक पालथा, अशी जोडी करा. पेटीत जागा जास्त लागते हे खरं, पण त्रास मिटतो.

ताटांमध्ये वर्तमानपत्र घालू नका, शाई लागते. जुन्या धोतराचे तुकडे बरे.

आंबील-कढी पितळी पातेल्यात काढणार असाल तर महिनाभर आधी आत बोट फिरवून कल्हई बघा. पिवळं दिसलं की आंबट पदार्थ कळकणार. सणाच्या तोंडावर कल्हईवाला शोधत फिरू नका, तोवर तो दुसऱ्या गावात असतो.

आणि भांड्यांवर नावं घालून घ्या. नखपॉलिशचा ठिपका चार घासण्यांत जातो.

पळसपान

पाणी टँकरचं असेल तर 32 ताटं आणि 96 वाट्या धुण्यापेक्षा पत्रावळी-द्रोण बरे नाहीत का? थर्माकोलच्या ताटांवर तर राज्यात 2018 पासून बंदीच आहे.

गोदाकाठ

बरे आहेत, पण सगळ्यासाठी नाही. पळसाच्या पत्रावळीवर पुरणपोळीचं तूप आणि कोरड्या भाज्या छान राहतात. आमटी मात्र टाक्यातून गळते, म्हणून वाट्या स्टीलच्याच ठेवा. गठ्ठा जुना असेल तर पानं कडक होऊन तडकतात. वाढायच्या अर्धा तास आधी पाण्याचा हात फिरवून ओल्या फडक्यात झाकून ठेवा. वर्षभराचा साठा करू नका, उंदीर आणि कसर दोन्ही लागतात.

नांदेडची_वाकळ

मुक्कामाच्या सामानावर कुणी बोललंच नाही. लोक गाद्या एकीकडे, उशा दुसरीकडे ठेवायलेत आणि रात्री अकराला सगळं घर उपसायलेत. एका माणसाचं एक गाठोडं करा: सतरंजी, चादर, पांघरायला वाकळ, उशी. उशीचा धुतलेला अभ्रा उशीवर चढवूनच ठेवा, तोच नेमका हरवतो. सहा माणसं, सहा गाठोडी. गाद्या वेगळ्या राहिल्या तरी चालतं.

गाठोडं सुती कापडात बांधा. रेक्झिन किंवा प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात दमट वास धरतो, आणि महालक्ष्म्या येतात त्या भाद्रपदातच. म्हणून श्रावणात ऊन दिसेल त्या दिवशी एकदा सगळं गच्चीवर टाका, निवू द्या आणि मगच बांधा. गरम गरम बांधलं की आत घाम सुटतो. डांबरगोळ्या कपड्यात गुंडाळून घाला. भांड्यांच्या पेटीत तर मुळीच नकोत, वाट्यांना वास लागतो.

प्लास्टिकच्या खुर्च्या गच्चीवर ठेवत असाल तर आत आणा. आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत प्लास्टिक ठिसूळ होतं आणि पाय नेमका एखाद्या आजोबांच्या खाली मोडतो.

औसारोड_लातूर

वाट्या मोजल्या, 51 निघाल्या! ताटं रद्द. ओटीचं आणि टॉवेल-टोपीचं सामान कुठे ठेवू?

नांदेडची_वाकळ

चौथा डबा, देवघराजवळ. ब्लाउजपीस, टॉवेल-टोप्या, सुपाऱ्या, हळकुंडं, कुंकवाचा करंडा. खोबऱ्याच्या वाट्या त्यात साठवू नका, खवट होतात, आठवडाभर आधी आणा. डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवून किती काय उरलं ते लिहा. वाट्या गल्लीतून उसन्या आणल्या तर त्याही याच कागदावर, कुणाच्या किती.