मंदाचं लग्न कुणाशी लावू?

केळीपान: कादंबरी शेवटाशी येऊन अडलीय. मंदा, वय एकतीस, निंभोऱ्याची. वडील गेल्यापासून रुळालगतची केळीची बाग तीच बघते. गोरख सावद्याचा केळीव्यापारी. बोलघेवडा, घडाकडे नुसतं बघून वजन सांगणारा. विनय भुसावळचा लोको पायलट, मालगाडीवर. अबोल. दर रविवारी संध्याकाळी बागेत येतो. नणंदेने कच्चा खर्डा वाचला, तिला विनयच हवा. माझा जीव गोरखवर. काय करू?

अमळनेरी: इतला इचार कसाले करी रायनी माय? गोरखलेच दे! गुणी नवऱ्याच्या संसारात वाचायला काय उरतं?

लोकोवाल्याची बायको: दर रविवारी? कुठल्या डिव्हिजनमध्ये गं? मालगाडीवाल्याला वार नसतो. कॉल आला की ताटावरून उठायचं, खंडव्याकडे गाडी न्यायची, रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवाल्यांच्या मुक्कामाच्या जागी, पाठ टेकायची, परत येईल तेव्हा खरं. विनयला आधी नीट ड्यूटीवर पाठव, मग नणंदेला विचार. मंदाला मात्र असाच चालेल. शेतीची लाईट कधी रात्रीही येते, मोटर चालू करायला उठणाऱ्या बाईला ‘कुठे निघालीस’ विचारणारा घरात नसलेलाच बरा.

बांधावरून: गोरखशी लग्न लागलं तर मंदाच्या मालाचा भाव कोण करणार? आज ती बांधावर उभी राहून त्याच्याशी घासाघीस करते. उद्या नवराच व्यापारी, म्हणजे चहाच्या कपासोबत भाव ठरला! माझ्या आत्याचं हेच झालं. माल दुसऱ्याला द्यायची सोय नाही, कमी भावाबद्दल बोलायचीही नाही.

आणि पावसाळ्याच्या तोंडावरचं वादळ कादंबरीत आहे का? घड लागलेली बाग आडवी झाली की कोवळ्या मालाला गिऱ्हाईक नसतं. दुसऱ्या दिवशी गोरखला बागेत आण आणि काय भाव बोलतो ते लिही. पाडून मागितलं तर धंदा, जास्त दिले तर उपकार. मंदाला यातलं काय पचत नाही ते तिथेच कळेल. लग्नाचं श्रावणात आपली खान्देशी देवी कानबाई बसल्यावर बघ.

केळीपान: भावाचा मुद्दा जिव्हारी लागला. वादळ घालते. गोरख उपकार करेल असं वाटतंय, आणि मंदा तिथेच बिथरेल. @लोकोवाल्याची बायको, रनिंग रूममध्ये जेवणाचं कसं असतं?

लोकोवाल्याची बायको: पूर्वी शिधा न्यायचा, तिथला स्वयंपाकी रांधून द्यायचा. आता तयार जेवणही मिळतं. आमचे ठेचा मात्र घरचाच नेतात.