मदत हवी आहे: मुलगा टँकमध्ये पोहतो, पण सुट्टीत गावी कन्हान नदीवर जाणार

नमस्कार. आम्ही नागपूरचे, मुलगा ९ वर्षांचा. पारा ४४ च्या वर गेला की कूलरसमोरही पोरं टिकत नाहीत, म्हणून यंदा त्याला पोहायच्या बॅचला घातलं. सकाळची वेळ घेतली. दुपारची बॅच रिकामी होती, पण उघड्या टँकवर त्या उन्हात कोण सोडणार! आता तो आडवी रुंदी एका दमात कापतो. तिथली मला चिंता नाही. पाणी नितळ, तळ दिसतो, लाइफगार्ड बसलेला असतो.

चिंता गावाची आहे. शाळा लागायच्या आधी आम्ही मौद्याकडे माझ्या माहेरी जातो आणि भाच्यांची टोळी रोज कन्हानवर असते. दादा म्हणतो, "गुडघाभर पाणी आहे, कायले भेतं वं?" पण पात्रातून रेती उपसतात ना! जाऊच नको म्हटलं तर पोरगं चोरून जाईल, ते जास्त वाईट. हातात घालायचे फुगे दिले तर चालेल का? आणखी काय सोय करावी?

कन्हानकाठचा:
ताई, दादा पाण्याचं खरं सांगून राहिले, तळाचं नाही. गुडघाभर पाण्यातून चालता चालता पुढच्या पावलाला डोक्यावर पाणी येते. रेती उपसलेल्या खड्ड्याची कड भुसभुशीत असते, पाय रोवला की रेतीच खाली सरकते, चांगला पोहणाराही घाबरतो. मागच्या उन्हाळ्यातली उथळ जागा यंदा तशीच असेल असंही नाही, पुरात पात्र बदलते. पोरं उतरायच्या आधी मोठ्या माणसानं कमरेला दोर बांधून काठीनं तळ चाचपावा आणि तेवढ्याच जागेत खेळू द्यावं. फुगे नकोच. ते हातातून निसटतात, हवा जाते, आणि पोराला वाटते आपल्याला येते. मापाचं लाइफ जॅकेट घ्या.

सकाळची बॅच:
एक भर घालते. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. सगळा जीव तोंड पाण्यावर ठेवण्यात जातो, हाक मारायला श्वास उरत नाही. म्हणून काठावरच्या माणसाच्या हातात मोबाइल नको. भाच्यांना आधीच बजावा, कोणी गटांगळ्या खाताना दिसलं तर मागे उडी घ्यायची नाही. दोर, बांबू, ओढणी, झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा, जे हाताशी असेल ते पुढे करायचं आणि मोठ्यांना हाक मारायची. बाहेर काढल्यावर उलटं टांगून पोटातलं पाणी काढत बसू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास थांबला असेल तर तोंडानं ५ श्वास द्यायचे, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, हे चालू ठेवायचं. तोवर दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. हे हातानं करून शिकलेलं बरं, तुमच्या कोचला विचारा.

मूळ प्रश्न विचारणारी:
दोघांचे आभार. दोर आणि डबा गावातच मिळेल, तळ बघायला दादालाच उतरवते. ९ वर्षांच्या पोराच्या मापाचं जॅकेट नागपुरात बर्डीच्या बाजारात मिळते का? कोणी घेतलं असेल तर साधारण किंमत सांगा.