मदत हवी आहे: 1926 मध्ये पाट लावलेल्या विधवेचा जमिनीवरचा हक्क

मंडळी, पणजीचा पहिला नवरा 1924 मध्ये वारला, दोन वर्षांनी तिने पाट लावला (म्हणजे विधवेचं दुसरं लग्न) आणि नागपूरजवळच्या काटोलकडची शेती पहिल्या नवऱ्याच्या पुतण्यांकडे गेली. आता कोर्टकचेरी करायची नाही, फक्त घराण्याचा इतिहास लिहितोय. तहसीलमधून जुने कागद काढले तर नाव बदललेलं दिसतं, कारण कुठेच नाही.

1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचं कलम 2 वाचलं, दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जातो. पण आमच्यात (कुणबी) पाट आधीपासूनच चालायचा, आणि अशा समाजांना हे कलम लागतं का यावर कोर्टांचंच जमत नव्हतं, अलाहाबाद हायकोर्ट म्हणे हक्क जाण्याची रीतच समाजात नसेल तर हक्क राहतो, मुंबई हायकोर्ट म्हणे जातो. म्हणजे ज्या बायांना या कायद्याची गरजच नव्हती त्यांचंच नुकसान! आता नागपूर तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे मुंबईचा निकाल इथे चालेलच असं नाही, आणि इथलं हायकोर्ट 1936 चं, त्याआधी ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं.

तर 1926 च्या सुमारास या कोर्टाने कोणती बाजू धरली होती, आणि ते जुने निकाल नागपुरात वकील नसलेल्या माणसाला कुठे बघायला मिळतील?